नवव्या मजल्यावरच्या त्रेसष्ट सह्या

१

डबा जागेवर होता, कुलूप जागेवर होतं, काचेवर साधा ओरखडाही नव्हता. विंकीनं झाकण उघडलं आणि आतून गुलाबी जाहिरातपत्रकं काढायला सुरुवात केली. दहा, वीस, पन्नास. डबा रिकामा झाला तरी सगळं गुलाबीच. आमच्या त्रेसष्ट प्रॉक्सी, म्हणजे गाळेमालकांनी आपलं मत आमच्या हाती सोपवल्याचे सह्यांचे कागद, त्यांतला एकही आत नव्हता.

"ताई, मी परवा रात्री डबा उचलून बघितला होता. आईशप्पथ बघितला होता," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

शुक्रवार. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. तळमजल्यावरची व्यवस्थापनाची खिडकी तीनला बंद होते. रविवारी तीनला सभा, आणि नियम असा की प्रॉक्सी सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी पोचली पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर तो कागद फिशबॉलचं तेल पुसायला घ्यावा.

मी लो युक-लान. युन फुक प्लाझाच्या सातव्या मजल्यावर चेन बदलून देते. पँटची, बॅगेची, तंबूची, कसलीही. एकतीस वर्षं झाली. माँग कॉकमध्ये आडवं पसरायला जागा नाही, म्हणून हा मॉल सोळा मजले उभा चढवलाय. माझा गाळा एवढा लहान की मी आत असले की गिऱ्हाईक बाहेर. पण तो माझा आहे, आणि मला दुसरं काही येत नाही.

एका कंपनीनं पाच वर्षांत निम्मे गाळे घेऊन कुलपं लावून ठेवलीत. रविवारी त्यांना इमारतीची समिती हवी होती. समिती हाती आली की आधी लिफ्ट 'दुरुस्तीला' जाते, मग सरकते जिने, मग दिवे. वर्षभरात माणूस स्वतःच हात जोडून सही करतो आणि निघतो. शेजारच्या दोन इमारती अशाच गेल्या. आमच्याकडे तर सुरुवात झालीच होती. नवव्या मजल्यावरून वर जाणारी लिफ्ट मार्चपासून बंद होती.

त्या त्रेसष्ट प्रॉक्सी मी आणि पाचव्या मजल्यावरचे घड्याळवाले पूनकाका, आम्ही दोघांनी चार महिने वणवण करून गोळा केल्या. मालक म्हातारे झालेले, कुणी वृद्धाश्रमात, कुणी मुलीकडे. एका आजींनी तर अंगठा लावायच्या आधी आम्हाला सूप प्यायला लावलं. गेल्या वर्षी आम्ही कागद दहा दिवस आधी भरले, तर कंपनीची माणसं फळांच्या टोपल्या घेऊन दारोदार फिरली आणि तीस जणांनी सह्या मागे घेतल्या. म्हणून या वेळी शेवटच्या दिवशीच भरायचं ठरलं. प्रती काढून उपयोग नव्हता, खिडकीवर अस्सलच कागद लागतो.

ठेवायचे कुठे? व्यवस्थापनाच्या कपाटाच्या किल्ल्या कंपनीच्या मर्जीतल्या माणसांकडे. विंकीच्या नवव्या मजल्यावरच्या दुकानाला बाहेरच्या बाजूनं भिंतभर काचेचे खण आहेत. एकेक खण एकेकाला भाड्यानं, कुणी त्यात खेळणी मांडतं, कुणी स्टिकर. मीच शहाणपणानं म्हटलं, चारचौघांच्या डोळ्यांसमोर बिस्किटाच्या डब्यात ठेवू, कोण बघणार आहे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्या खणाच्या किल्ल्या तीन. एक विंकीकडे, एक पूनकाकांकडे. तिसरी माझ्या गळ्यात होती, आणि विंकी आता माझ्या गळ्याकडेच बघत होती.

२

तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खुर्चीत तोंग सर बसतात. पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा ही खुर्ची बरी, असं ते स्वतःच सांगतात. थर्मास काखेत मारून ते वर आले.

"पोलिसांना बोलवू का, सर?" विंकीनं विचारलं.

"बोलव की. ते तुझं नाव नीट लिहून घेतील तोवर तीन वाजतील." त्यांनी एक गुलाबी पत्रक उचललं. 'आपला गाळा विका, निवांत जगा.' खाली कंपनीचा फोन नंबर.

"बघा, ह्यांचंच काम!" मी म्हटलं. "तो कंपनीचा कॅल्विन मा. रोज इथे घिरट्या घालतो."

"लानताई, स्वतःच्या नावाची चिठ्ठी मागे ठेवणारा चोर तुम्ही बघितलाय? मी नाही बघितला." ते विंकीकडे वळले. "तू डबा रोज उघडायचीस?"

"नाही सर. रात्री बंद करताना नुसता उचलायचे. जड लागला की झालं."

"हे कुणाला माहीत?"

विंकीनं मान खाली घातली. "आम्हा तिघांनाच."

"बाहेरच्यानं डबा नेला असता, नाहीतर रिकामा सोडला असता. यानं तो परत भरला, म्हणजे तू उचलशील हे त्याला ठाऊक होतं." तोंग सरांनी चहा ओतून घेतला. "बुधवारी रात्री डबा बरोबर होता. आज दुपारी नाही. काल इथे कोण होतं?"

काल इथे कुणीच नव्हतं. काल मोककाकांचा अंत्यविधी होता.

मोककाका बाराव्या मजल्यावर हातानं माहजाँगच्या सोंगट्या कोरायचे. वय एकोणऐंशी. तीन आठवड्यांपूर्वी सोंगट्यांची पेटी घेऊन जिना चढताना अकराव्याच्या वळणावर बसले ते उठलेच नाहीत. पूनकाकांचा चाळीस वर्षांचा दोस्त. काल सकाळी पावणेनऊला आम्ही सगळे भाड्याच्या छोट्या बसनं निघालो. मोककाकूंना धीर द्यायला मी तिथल्या भट्टीशी त्यांच्या शेजारी बसले आणि वर पाठवायचं, म्हणजे जाळून मेलेल्याला पोचवायचं, सामान एकेक करून आत टाकत राहिले. कागदाचं घर, कागदाचा सूट, विंकीनं आणलेले कागदाचे बूट, पूनकाकांनी पिवळ्या कागदात बांधून दिलेला खोट्या नोटांचा गठ्ठा, सोनेरी कागदाच्या होड्या. धुरानं डोळे चुरचुरत होते. रडणं त्यात खपून गेलं.

"कंपनीतर्फे मा पण आला होता," मी म्हणाले. "पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन. काय तोंड घेऊन आला कोण जाणे."

"तो आत्ता कुठे असेल?"

त्याला शोधायला जावंच लागलं नाही. कोपऱ्यावरून कॅमेऱ्याचा आवाज आला. मा आमच्या रिकाम्या खणाचा फोटो काढत होता.

३

"काही हरवलं का, ताई?" मा म्हणाला. बोलणं कसं तुपात घोळलेलं. वय पस्तिशीचं, बूट आरशासारखे.

"तुझी लाज हरवली," मी म्हटलं. "सापडली तर सांगते."

तोंग सरांनी मला हातानं गप्प केलं. "मिस्टर मा, काल अंत्यविधीहून निघालात ते कुठे गेलात?"

"इथेच आलो. दहा-सव्वादहाला. मला पूर्ण वेळ थांबता नाही आलं."

"नवव्या मजल्यावर?"

"हो. नवी पत्रकं वाटून झाली का ते बघायचं होतं. अंत्यविधीत मिळालेलं ते पांढरं पाकीट पण याच कोपऱ्यातल्या कचरापेटीत टाकलं."

"आणि आतलं नाणं?"

मा गोंधळला. "नाणं? तळमजल्यावर मशीनमधून लिंबाचा चहा घेतला, त्यात घातलं. गोळी खाल्ली. का?"

"सहज."

सहज कसलं! मला वाटलं, म्हातारा चळला. अंत्यविधीहून निघताना पाकिटात एक साखरेची गोळी, एक कागदी रुमाल आणि एक डॉलरचं नाणं देतात. गोळी तिथेच खायची, नाणं घरी पोचायच्या आत खर्चायचं, पाकीट वाटेत टाकायचं. मेलेल्याची सावली उंबऱ्याच्या आत आणायची नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्रेसष्ट कागद गेलेत आणि हे एका नाण्याची चौकशी करतायत!

"मिस्टर मा, तुमची नवी पत्रकं कुठल्या रंगाची?"

"हिरवी. काल सकाळपासून. सफाईवालीनं नऊच्या आत जुनी गुलाबी सगळी उचलली, पोत्यात भरून गाडीत दिली." तो हसला. "तोंग सर, तुमच्या जागी मी असतो तर किल्लीवाल्यांना विचारलं असतं."

तोंग सर हसले नाहीत. "तेच करतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

४

पाऊण वाजून गेला होता. सरकत्या जिन्यानं आम्ही खाली उतरत होतो. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हे गृहस्थ एकेक पायरी मोजत असल्यासारखे उभे.

"डब्यात गुलाबी पत्रकं आहेत," ते म्हणाले. "गुलाबी पत्रकं काल नऊच्या आत इमारतीतून गेली. म्हणजे कागद काढले गेले ते बुधवारी रात्रीनंतर आणि गुरुवारी नऊच्या आधी. रात्री जाळी बंद असते, ती मीच लावतो. सकाळी सातला मीच उघडली. पावणेनऊपर्यंत सफाईवाल्या सोडून वर गेलेली माणसं किती? दोन. विंकी थेट बसपाशी आली, वर गेलीच नाही. मा सव्वादहाला आला."

"आणि ते दोघं?"

"पूनकाका सव्वासातला. तुम्ही आठला."

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. मी आठला वर गेले होते हे खरं होतं. काळा ब्लाउज दुकानात राहिला होता तो आणायला. "सर, मी चार महिने पायाचे तुकडे पाडून घेतले त्या सह्यांसाठी. मी कशाला?"

"कुणीच कशाला? पण कुणीतरी केलंय." ते शांतपणे म्हणाले. "लानताई, तुम्ही नाण्याचं काय केलंत?"

मला भयंकर राग आला. म्हटलं, "दुधाचा चहा. अंत्यविधीच्या दारासमोरच्या हॉटेलात. विंकी होती बरोबर. वर आणखी पैसे घातले, एका डॉलरला आजकाल वास पण घेऊ देत नाहीत. झालं समाधान?"

"झालं," ते म्हणाले.

पाचव्या मजल्यावर ते उतरले. आमच्याकडे चौथा मजला नाही, आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार सारखाच, म्हणून तिसऱ्यावर एकदम पाचवा. पूनकाकांचं दुकान जिन्यासमोरच. काका डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकले होते. दाराशी भूमिदेवाची लहानशी लाल चौकट. तिच्यासमोर काका रोज सकाळ-संध्याकाळ तीन उदबत्त्या लावतात, एक दिवस चुकवत नाहीत. आज तिथे राखसुद्धा नव्हती.

५

"काका, कागद गेले," मी म्हटलं.

त्यांनी भिंग काढलं नाही. "विंकीचा फोन आला होता."

एवढंच? जो माणूस माझ्याबरोबर वृद्धाश्रमांचे जिने चढला, तो 'फोन आला होता' म्हणतो?

तोंग सर स्टुलावर बसले. "काका, काल परत कसे आलात? आपली बस पोचली तेव्हा तुम्ही आत नव्हता म्हणे."

"मधेच उतरलो. दुसरी बस घेतली."

"आणि पाकिटातलं नाणं?"

"बसच्या पेटीत टाकलं."

"तुमच्या गळ्यात म्हाताऱ्यांचं कार्ड आहे, काका. तुम्ही चढलात की ते टेकवता, दोन डॉलर कापले जातात. नाणं टाकायचं कारण काय? आणि एका डॉलरात बस कुठली?"

पूनकाकांनी भिंग काढून ठेवलं. मग सदऱ्याच्या खिशातून ते पांढरं पाकीट काढून घड्याळाच्या शेजारी ठेवलं. गोळी आत होती, रुमालाची घडी मोडलेली नव्हती, नाणं तसंच.

मी एक पाऊल मागे सरले. आपोआप सरले, मुद्दाम नाही.

"अठ्ठावीस वर्षांत खुनी बघितले," तोंग सर हळूच म्हणाले. "ते पण हे पाकीट वाटेत टाकतात. काल मृत्यू घरी घेऊन जाणारा माणूस एकच असू शकतो, ज्याला वाटतं की ते मरण आपल्यामुळेच आलं. आपल्यातल्याच कुणी अंत्यविधीच्या सकाळीच कागद काढले, तर कारण त्या मरणातच असणार, म्हणून सगळ्यांना विचारत होतो. लानताई चहा प्यायल्या. तुम्ही देवाला उदबत्ती लावायचीसुद्धा हिंमत केली नाहीत."

"पाकीट टाकून कुणाला फसवू?" पूनकाका म्हणाले. "मोकला मीच मारलं."

"काहीतरी काय बोलताय, काका!"

"ऐक, लान. तो गेला त्या दिवशी हॉस्पिटलात वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, ह्यांना तीन वर्षांपूर्वीच गाळा विकायचा होता. चुंगशानला, गावी जाऊन बसायचं होतं. तुम्हाला शब्द दिला म्हणून थांबले. तुमच्या शब्दापायी या वयात जिने चढत होते." त्यांनी पाकीट टेबलावर पुढे सरकवलं. "त्रेसष्ट माणसं. त्यातली चाळीस तरी ऐंशीच्या घरातली. मी जाऊन बसायचो, जुन्या गोष्टी काढायचो, आणि ती सही करायची. माझ्या भिडेपोटी करायची. आणखी किती जणांना जिने चढायला लावू?"

"मग त्यांना विचारायचं होतं!" मी ओरडले. समोरच्या गाळ्यातली माणसं वळून बघायला लागली. "मला विचारायचं होतं! मी सत्तावन्न वर्षांची आहे, काका. मला गाव नाही, नवरा नाही. मला हा पाच हात गाळा आहे फक्त. कुंपणानंच शेत खाल्लं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

त्यांनी भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं.

"एक वाजून वीस झालेत," तोंग सर म्हणाले. "कागद द्या, काका. तुम्हाला मत द्यायचं नसेल तर नका देऊ. बाकीच्यांचं तुमचं नाही."

"माझ्याकडे नाहीत."

"कुठे आहेत?"

पूनकाकांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला पुढचं शब्दांत ऐकावं लागलं नाही. पिवळा कागद, वर लाल दोरा, हातात घेतला तेव्हा नोटांच्या मानानं जड लागला होता. 'मोकला पोचव,' ते म्हणाले होते. मी दोन्ही हातांनी तो भट्टीत ढकलला होता. वरून काठीनं दाबलाही होता, नीट जळावा म्हणून.

"त्याची सही त्यात होती," पूनकाका म्हणाले. "म्हटलं, त्याचा शब्द त्याला परत करावा. तो सुटला, बाकीचे पण सुटले."

६

कोऱ्या प्रॉक्सी खिडकीवर मिळतात. मी पन्नास उचलल्या आणि विंकीला घेऊन वरपासून धावत सुटले. इमारतीत त्या वेळी आमच्या बाजूचे, आणि रविवारी येऊ न शकणारे, मालक किती असावेत? नऊ. एका आजींच्या मुलीला फोन केला, तर म्हणाली, आत्ताच औषध घेऊन झोपल्यात, उद्या या. मी म्हटलं, उद्या नको. तिनं फोन ठेवला.

पावणेतीनला आम्ही खिडकीसमोर होतो. नऊ कागद. पन्नासच्या खाली गेलं तर हरलो, हे मला पाठ होतं. तरी मी ते नऊ आत सरकवले आणि आतल्या मुलीनं एकेकावर शिक्का मारला. पूनकाका येऊन खांबापाशी उभे राहिले. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी काय केलं ते तोंग सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. सांगून कागद येणार नव्हते.

तेवढ्यात फिरत्या दारातून मोककाकू आल्या. केसांत पांढऱ्या लोकरीचं फूल. त्या सरळ पूनकाकांपाशी गेल्या.

"भाऊजी, बरं झालं भेटलात. काल बोलायचं होतं, जमलं नाही." त्यांनी त्यांच्या बाहीला धरलं. "हॉस्पिटलात मी खोटं बोलले. गावी जायचं होतं मला. गुडघे माझे दुखत होते. ते म्हणायचे, हातात छिन्नी धरता येते तोवर बारावा मजला सोडणार नाही, पूनला एकटं टाकणार नाही. त्यावरून आम्ही रोज भांडायचो. त्या दिवशी कुणावर तरी राग काढायचा होता, तो तुमच्यावर काढला. मनाला लावून घेऊ नका."

पूनकाका खांबाला टेकले.

"त्यांचं मत आज भरायचं ना?" काकूंनी खिडकीला विचारलं.

"आजी, वारलेल्या माणसाची सही चालत नाही," मुलगी म्हणाली. वाईट नव्हती ती, नियम सांगत होती.

"मग माझी घ्या."

"गाळ्यावर तुमचं नाव अजून लागलेलं नाही, आजी."

काकूंनी मान हलवली, अशा उत्तरांची सवय असल्यासारखी. मग माझ्याकडे वळल्या. "मग लान, तो कागद तेवढा मला देशील? ज्यावर त्यांनी सही केली तो. घरात त्यांच्या हातचं लिहिलेलं काहीच नाही गं. सगळं आयुष्य सोंगट्याच कोरल्या."

काल मी त्यांच्याच शेजारी बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तो भट्टीत ढकलला होता.

विंकी माझ्याकडे बघत होती. पूनकाका जमिनीकडे.

"शोधते, काकू," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात दाबला. आतल्या मुलीनं घड्याळ बघितलं आणि खिडकी ओढून घेतली.